इंग्रजी कशिदा आणि त्याचे नवे कारागीर

इ. स. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी त्या जिंकलेल्या मुलखाची गावनिहाय जमाबंदी करविली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या दफ्तरात जमीन कोणाची, तीवर नांगर किती, गिरण्या किती, कुरणे किती आणि आकार किती, याचा रुक्ष तपशील पानोपानी भरलेला आहे. आणि त्या तपशिलातून वाट काढीत असता वाचक अकस्मात दोन स्त्रियांपाशी येऊन थबकतो. बकिंगहॅमशायर परगण्यात एल्फगिथ नावाच्या एका कुमारिकेकडे अर्धा ‘हाइड’ जमीन होती, आणि ती गॉड्रिक नामक शेरीफाने, आपण त्या हुद्द्यावर आहोत तोवर, आपल्या मुलीस जरीचे भरतकाम शिकवावे या अटीवर तिला दिलेली होती. विल्टशायरमधील नूक या गावी लेओफगिथ नावाच्या दुसऱ्या एका स्त्रीची जमीन होती, आणि ही बाई राजाराणीसाठी जरीची किनार करीत असे व आजही करते, असे कारकुनाने नमूद करून ठेविले आहे. ज्यांनी आपल्याकडील इनामपत्रे चाळली आहेत त्यांना यातील व्यवहार ओळखीचा वाटेल. चाकरी चालू तोवर जमीन चालू, हा कायदा दोन्हीकडे एकच. फक्त येथे जी चाकरी सरकारदप्तरी नोंदली गेली ती सुईची आहे, आणि ती करणाऱ्या स्त्रीचे नाव नऊ शतकांहून अधिक काळ टिकून राहिले आहे.

हे नाव टिकले, पण तिने केलेली किनार टिकली नाही. मध्ययुगीन युरोपातील कशिद्याच्या इतिहासाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे, आणि आज इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांत मध्ययुगातील वेष करून, तंबू ठोकून, त्या काळचे अन्न शिजवून आणि त्या काळच्या लढाया मैदानावर पुन्हा घडवून इतिहासाचे पुनर्दर्शन घडविणारी जी असंख्य मंडळी आहेत, त्यांच्यापैकी ज्यांनी हाती सुई धरली आहे त्यांना ही अडचण रोजच्या रोज भेडसावते. त्यांना हवा असतो तो सरदाराचा अंगरखा, सौदागराच्या बायकोचा झगा, घोड्यावरची झूल, क्वचित शेतकऱ्याची बंडी. आणि इतिहासाने राखून ठेविले आहेत ते धर्मगुरूंचे पूजाविधीचे पोषाख. संसारी माणसांचे कपडे अंगावर फाटले, मुलांना लहान करून घालण्यात आले, जुने झाल्यावर चिंध्या म्हणून विकले गेले, आणि त्यांवर कलाबतू असेल तर ती चांदी-सोन्यासाठी आटविली गेली. चर्चच्या जामदारखान्यात जे गेले तेवढे राहिले. तेव्हा मध्ययुगीन पोषाखावर हाताने कशिदा काढू इच्छिणाऱ्यास आधी इतिहासकार व्हावे लागते, आणि इतिहासकाराने ज्या गोष्टीकडे बहुधा पाहिलेलेही नसते त्या गोष्टीकडे, म्हणजे कापडाच्या उलट्या बाजूकडे, पाहण्याची सवय त्यास लावून घ्यावी लागते. मला या मंडळींच्या उद्योगाविषयी जो आदर वाटतो तो यासाठीच.

इंग्रजी कशिद्याचा निश्चित कालाचा सर्वांत जुना नमुना डरहॅम येथील संत कथबर्टच्या शवपेटिकेत सापडला. १८२७ साली ती पेटी उघडण्यात आली तेव्हा आत रेशमी पट्ट्या मिळाल्या. एक गळ्यात घालावयाचा पट्टा व एक मनगटावर घालावयाचा. त्यांच्यावर विणलेल्या नव्हे तर भरलेल्या अक्षरांत असे लिहिलेले आहे की, एल्फ्लेड राणीच्या आज्ञेवरून हे विंचेस्टरचा बिशप फ्रिथस्टन याच्यासाठी करण्यात आले. या दोन नावांवरून काल ठरतो तो ९०९ ते ९१६ च्या दरम्यानचा. पुढे एथेलस्टन राजाने हे पट्टे कथबर्टच्या समाधीस अर्पण केले. त्यांवर उभ्या असलेल्या संदेष्ट्यांची व संतांची वस्त्रे रंगीत रेशमाची असून भोवतीची सारी जमीन सोन्याच्या तंतूंनी भरून काढलेली आहे. पातळ सोन्याची बारीक पट्टी धाग्याभोवती गुंडाळून तो तंतू केलेला आहे. हजाराहून अधिक वर्षे लोटली तरी त्या चेहऱ्यांवरील टाके वेगवेगळे मोजता येतात.

याच परंपरेतून तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडचा तो कशिदा उदयास आला, ज्याला साऱ्या युरोपात ‘ओपुस अँग्लिकानुम’, म्हणजे इंग्रजी काम, असे नुसत्या देशाच्या नावाने ओळखत. सेंट ऑल्बन्सच्या मठातील बखरकार मॅथ्यू पॅरिस याने १२४६ सालची एक हकीकत नोंदविली आहे. पोप चौथा इनोसंट याच्या दृष्टीस इंग्रज पाद्र्यांच्या अंगावरील जरीचे काठ पडले. हे कोठे होतात अशी त्याने पृच्छा केली. इंग्लंडात, असे उत्तर मिळताच त्याने त्या देशातील सिस्टर्शियन मठाधिपतींना पत्रे लिहून असे काम धाडून देण्याची मागणी केली. आणि लंडनच्या ज्या व्यापाऱ्यांपाशी हा माल होता त्यांना या मागणीचे मुळीच वाईट वाटले नाही, त्यांनी तो मनास येईल त्या भावाने विकला. मठवासी बखरकाराला पोपचा लोभ रुचलेला नाही हे त्याच्या लिहिण्यावरून उघड दिसते. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्व आहे ते दुसऱ्या गोष्टीला. पोप ज्याची मागणी मठांकडे करतो तो माल प्रत्यक्षात शहरातील व्यापाऱ्यांच्या पेढीवर तयार होता. जोगिणी शांत कोठड्यांत बसून प्रार्थनेबरोबर टाके घालीत होत्या, हे चित्र एकोणिसाव्या शतकातील भाविक लेखकांनी रंगविले आणि ते अजून पुरते पुसले गेलेले नाही; पण तेराव्या शतकातील लंडनचे उत्तम काम हे रोजमुरा घेऊन राबणाऱ्या कारागिरांचे, स्त्रियांचे तसेच पुरुषांचे, काम होते. १२९५ साली व्हॅटिकनच्या खजिन्याची जी यादी झाली तीत इंग्रजी कामाचा उल्लेख शंभराहून अधिक वेळा आलेला आहे. दुसऱ्या कोणत्याही देशाच्या कशिद्याला तितके मोठे स्थान नाही.

राजाच्या जामदारखान्याचे हिशेब ज्यांनी वाचले त्यांना या कारागिरांपैकी काहींची नावे मिळाली. तिसऱ्या हेन्रीच्या जमाखर्चात बरी सेंट एडमंड्स येथील मेबल नावाच्या स्त्रीचा उल्लेख १२३९ ते १२४५ या वर्षांत पुनःपुन्हा येतो. तिला पूजेचा झगा भरावयास सांगितला आहे, सोने व मोती पुरविले आहेत, काम उत्तम झाले की नाही ते जाणत्यांकडून पारखून घेऊन त्याप्रमाणे तिचे देणे चुकते करावे, असा हुकूम आहे. नंतर तिचे नाव हिशेबांतून नाहीसे होते. आणि मग १२५६ साली राजा बरीला गेला असता अशी आज्ञा निघते की, मेबल हिला सहा वार कापड आणि झग्याला लावण्यासाठी सशाची लोकर असलेले कातडे द्यावे. दहा-अकरा वर्षांनी राजाला एका कारागीर बाईची आठवण व्हावी, ही त्या शतकातील दफ्तरांत सहसा न आढळणारी गोष्ट होय. पुढच्या पिढ्यांत लंडनच्या रोझ द ब्युरफर्ड या व्यापाऱ्याच्या पत्नीचे नाव येते. पोपला नजर करण्याकरिता एक भरजरी झगा इझाबेला राणीने तिच्याकडून घेतला, आणि त्याची किंमत शंभर मार्क होती. मेबल कारागीर होती, रोझ कारखानदार होती. आणि दोघींच्या मधल्या काळात हा धंदा केवढा वाढला हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की ध्यानात येते. १३३० साली फिलिपा राणीच्या पलंगपोसांवर शंभराहून अधिक माणसे लागली होती. त्यांत पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त आणि नक्षीचा खाका काढणारास सर्वांहून जास्त रोजमुरा मिळे. वेस्टमिन्स्टरच्या वेदीपुढचे एक वस्त्र भरावयास चार स्त्रियांना जवळजवळ चार वर्षे लागली, अशीही नोंद आहे.

हे काम होते तरी कसे? येथे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण साऱ्या विषयाचा गाभा दोन टाक्यांत आहे. पहिला टाका चेहऱ्यांचा. रेशमाच्या न पिळलेल्या धाग्याने एक लहान टाका घालावयाचा, आणि पुढचा टाका घालताना सुई मागच्या टाक्याच्या मधोमध, तंतूंना दुभंगून, वर काढावयाची. असे टाके इतके बारीक आणि इतके दाट की त्यांची ओळ ही पेनाने ओढलेल्या रेषेसारखी अखंड भासावी. इंग्रज कारागिरांची खुबी अशी की गालाच्या उंचवट्यावर ते या ओळी सरळ न नेता वाटोळ्या, चक्राकार फिरवीत. रेशमावरचा प्रकाश धाग्याच्या दिशेप्रमाणे बदलतो. त्यामुळे एकाच रंगाच्या धाग्यात गाल फुगलेला, डोळ्याची खोबण आत गेलेली दिसते. जेथे चित्रकाराला तीन छटा लागतील तेथे यांनी एका छटेत काम भागविले.

दुसरा टाका सोन्याचा, आणि तो याहून अद्भुत आहे. चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली बारीक पट्टी रेशमाभोवती गुंडाळून केलेली कलाबतू ही कापडातून वारंवार आरपार ओढता येत नाही. तिचे अंग सोलले जाते. म्हणून जगात बहुतेक ठिकाणी ती कापडावर मांडून दुसऱ्या बारीक धाग्याने वरून टाचतात. आपल्याकडील जरदोजीचे कारागीर कारचोबावर तेच करतात. इंग्रज कारागिरांनी टाचणारा धागा वर ठेवलाच नाही. कलाबतू वर मांडावयाची; तागाचा, म्हणजे लिननचा, बळकट धागा खालून वर आणून कलाबतूवरून न्यावयाचा आणि ज्या छिद्रातून तो वर आला त्याच छिद्रातून पुन्हा खाली घालावयाचा; आणि मग खालून हलका पण निश्चित हिसका द्यावयाचा. त्या हिसक्याने कलाबतूचा तिळाएवढा फासा कापडाच्या खाली उतरतो आणि तेथे तागाचा धागा त्याला धरून ठेवतो. वरून पाहणारास टाचणारा धागा कोठेच दिसत नाही, फक्त सोने दिसते. शिवाय प्रत्येक फासा म्हणजे एक सूक्ष्म बिजागरी होते, आणि सोन्याने मढविलेले ते वस्त्र, जे एरवी पत्र्यासारखे ताठ उभे राहावे, ते खांद्यावरून खाली मऊपणे ओघळते. हिसका कमी पडला तर फासा खाली उतरत नाही. जास्त झाला तर कलाबतू तुटते किंवा छिद्र फाटते. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते बोटांत होते, आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बोटे गेली.

१३४८-४९ च्या महामारीने इंग्लंडची लोकसंख्या कापून काढली. कारागीर मेले, जे उरले त्यांची मजुरी वाढली, आणि धनिकांची रुची इटलीहून येणाऱ्या नक्षीदार मखमलीकडे वळली. मखमलीवर स्वतंत्रपणे भरलेले तुकडे लावून टाकले की काम लवकर होते. सोन्याचा तो गुप्त टाका विस्मृतीत गेला. मग सोळाव्या शतकात धर्मक्रांती झाली. १५५२-५३ मध्ये चर्चमधील मौल्यवान जिनसांच्या याद्या करून जप्ती आली, आणि शतकांचे श्रम जाळून त्यांतील धातू काढण्यात आला. जे वाचले ते बहुतेक इंग्लंडबाहेर होते म्हणून वाचले: आस्कोली पिचेनो, पिएन्झा, बोलोन्या या इटालियन गावांतील झगे त्यांपैकीच. इंग्लंडमधील सायन येथील मठाच्या जोगिणींजवळ असलेला सुमारे १३१० च्या काळातला झगा मात्र वेगळ्या मार्गाने राहिला. त्या जोगिणी देश सोडून गेल्या, भटकत भटकत १५९४ साली लिस्बनला स्थिरावल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्यापैकी काही इंग्लंडला परतल्या तेव्हा तो त्यांच्याबरोबर परत आला. ज्या बंदरातून गोव्याची जहाजे सुटत आणि ज्या बंदरातून पाद्र्यांचे भरजरी पोषाख जुन्या गोव्याच्या चर्चांत येत, त्याच शहरात हा झगा दोन शतकांहून अधिक काळ राहिला, हे मनात आणल्यावर जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयातील वस्त्रांकडे मी अधिक निकटतेने पाहू लागलो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आज हा झगा आहे. तो दीड मीटर उंच व सुमारे तीन मीटर रुंद असून त्याच्या चौकटींपैकी एकीत ख्रिस्ताच्या जखमेत बोट घालणारा संशयी थॉमस भरलेला आहे, ज्याला हिंदुस्थानातील ख्रिस्ती समाज आपला आद्य प्रेषित मानतो.

सरदारांच्या पोषाखाचे काय झाले, हे पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातील एका वस्तूवरून कळते. लाल मखमलीवर सोन्याचे चित्ते भरलेली ही एक घोड्याची झूल आहे. इंग्लंडच्या राजचिन्हातील हे चित्ते, म्हणून ती तिसऱ्या एडवर्डच्या काळातली राजाच्या घोड्याची असावी असे जाणकार मानतात. ती वाचली याचे कारण जर्मनीतील आल्टेनबर्ग येथील मठात ती कापून तिचे पूजेचे पोषाख करण्यात आले. म्हणजे संसारी वस्तूला टिकण्यासाठी धर्माचा वेष घ्यावा लागला. दुसरा असा अवशेष कँटरबरीच्या चर्चमध्ये आहे. काळा राजपुत्र म्हणून प्रसिद्ध असलेला एडवर्ड १३७६ साली वारला, आणि त्याच्या समाधीवर त्याची ढाल, शिरस्त्राण, हातमोजे आणि मखमलीची बंडी टांगण्यात आली. बंडीला आतून भरावा आहे, वर सिंहासारखे चित्ते व कमळासारखी लिलीची फुले कलाबतूने भरलेली आहेत. समाधीवर आज ज्या वस्तू टांगलेल्या दिसतात त्या १९५४ साली केलेल्या प्रतिकृती होत. मूळ वस्तू जीर्ण झाल्यामुळे काचेआड ठेविल्या आहेत.

तिसरा आधार थडग्यांचा. डेन्मार्कमधील मामेन गावाजवळच्या एका टेकाडात १८६८ साली श्रीमंत माणसाचे थडगे सापडले. त्याच्या लाकडांवरून ते ९७०-७१ च्या हिवाळ्यात बांधले असे निश्चित झाले आहे. त्यातील लोकरी कापडावर रंगीत लोकरीने देठाचा टाका घालून पशू, वेली आणि मनुष्यमुखे भरलेली आहेत. आजच्या पुनर्दर्शकांत मामेनच्या नक्षीइतकी लोकप्रिय दुसरी नक्षी नसेल. पण जमिनीतला हा साक्षीदार पूर्ण सत्य सांगत नाही. ओलसर, आम्ल मातीत लोकर व रेशीम राहते आणि ताग विरघळतो. म्हणून तागाच्या धाग्याने भरलेले जे काही होते ते गेले आणि कापडावर फक्त सुईची छिद्रे उरली. उलट ग्रीनलंडमधील हर्योल्फ्सनेस येथे १९२१ साली गोठलेल्या जमिनीत जे चौदाव्या-पंधराव्या शतकांतले साधे कपडे निघाले त्यांवर कशिदा जवळजवळ नाही. पण शिवण, दुमड, काठाचा गोफ यांत जी काळजी घेतलेली आहे ती पाहिली की सामान्य माणसाचे सौंदर्य त्याच्या शिवणीत होते, हे पटते. लंडनच्या नदीकाठच्या उत्खननात मिळालेली रेशमाने काजे केलेली बाही तेच सांगते.

या सर्वांचा अभ्यास करून पोषाख शिवण्याची रीत मात्र फार अलीकडची आहे. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील एग्लिंटनच्या अर्लने मध्ययुगीन धर्तीवर घोडेस्वारांच्या द्वंद्वाचा मोठा समारंभ केला; हजारो लोक जमले आणि मुसळधार पावसाने सगळे वाहून नेले. त्या समारंभातील चिलखते लंडनच्या एका व्यापाऱ्याने पुरविली होती व कपडे रंगभूमीच्या कल्पनेतून आले होते. इतिहासाविषयीचे प्रेम खरे होते, पण इतिहासाला कोणी काही विचारले नव्हते. विचारण्याची सुरुवात विल्यम मॉरिसने केली. जुने काम तो उसवून पाहत असे, आणि १८७५ पासून लीक या गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याबरोबर तो नीळ व मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगविण्याचे प्रयोग करीत होता. या वॉर्डलशी आपलाही संबंध येतो. हिंदुस्थानातील रानटी रेशीम, ज्याला आपण टसर म्हणतो आणि जे भंडाऱ्याकडील विणकरांच्या आजही हातात आहे, त्याला रंग धरत नाही अशी युरोपची तक्रार होती. वॉर्डलने ते रंगविण्याची रीत शोधली आणि १८८५-८६ च्या हिवाळ्यात तो स्वतः हिंदुस्थानात रेशमाची पाहणी करून गेला. त्याची पत्नी एलिझाबेथ हिने लीकमध्ये भरतकामाची मंडळी स्थापन केली होती, आणि त्याच सुमारास तिने एक साहस आरंभिले होते.

फ्रान्समधील बायो येथील चित्रवस्त्राची संपूर्ण प्रतिकृती करण्याचे ते साहस. मूळ वस्त्र १०७० च्या दशकातले, नऊ तुकडे जोडून केलेले तागाचे, सुमारे सत्तर मीटर लांब व अर्धा मीटर रुंद. त्यावर लोकरीने विल्यमने इंग्लंड जिंकल्याची कथा भरलेली आहे. त्याला लोक विणलेला पट म्हणत असले तरी ते भरतकाम आहे, आणि १४७६ सालच्या बायोच्या चर्चच्या यादीत त्याचा पहिला उल्लेख येतो. लीकच्या सुमारे ३५ स्त्रियांनी वर्षभरात त्याची प्रतिकृती पुरी केली. लोकर वॉर्डलने वनस्पतींच्या रंगांत रंगविली. प्रत्येकीने आपल्या भागाखाली आपले नाव भरले. मूळ पटाच्या खालच्या किनारीवर जी नग्न पुरुषांची चित्रे आहेत त्यांना व्हिक्टोरियन खाक्यांत आधीच वस्त्रे चढविलेली होती, आणि ती तशीच भरण्यात आली. एवढा एक दोष सोडला तर ते काम निष्ठेचे आहे, आणि रेडिंगच्या संग्रहालयात ते आजही आहे. या कामाने एक गोष्ट सिद्ध केली. जाड रंगीत भाग भरण्याची मूळ पद्धत, म्हणजे लांब धागे शेजारी शेजारी मांडून त्यांवर आडवा धागा ठेवावयाचा आणि तो बारीक टाक्यांनी टाचावयाचा, ही इतकी काटकसरीची आहे की मागच्या बाजूस लोकर जवळजवळ वाया जात नाही. ज्याला सत्तर मीटर भरावयाचे आहेत त्यालाच असा टाका सुचेल. १९८२-८३ मध्ये मूळ पट नव्या इमारतीत नेताना त्याची उलटी बाजू नीट पाहण्यात आली, तेव्हा प्रकाशापासून वाचलेले तेथील रंग पुढच्या बाजूपेक्षा कितीतरी ताजे आढळले.

पुढे विल्यम मॉरिसची कन्या मे हिने, आणि १९३८ साली ग्रेस ख्रिस्ती यांनी इंग्रजी मध्ययुगीन कशिद्यावरील आपल्या मोठ्या ग्रंथात, टाके सुटे करून दाखविले. १ मे १९६६ रोजी अमेरिकेत बर्कली येथे मध्ययुगीन साहित्याचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या अंगणात मित्रमैत्रिणी जुने वेष करून जमल्या, द्वंद्व खेळल्या आणि शेवटी विसाव्या शतकाविरुद्ध मिरवणूक काढून परतल्या. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ ही संस्था निघाली, जिच्या शाखा आज अनेक देशांत आहेत. प्रारंभीचे कपडे पडद्याच्या कापडाचे व बाजारी झालरीचे होते. पण काही वर्षांतच या मंडळींत असा एक वर्ग निर्माण झाला की जो प्रत्येक टाक्याचा आधार मागू लागला: हा टाका कोणत्या देशात, कोणत्या शतकात, कोणत्या दर्जाच्या माणसाच्या अंगावर? संस्थेच्या कलास्पर्धांत वस्तूबरोबर तिचे प्रमाणपत्र, म्हणजे पुराव्याचे टिपण, जोडावे लागते. ऑक्टोबरात हेस्टिंग्जच्या रणांगणावर, इंग्लंडमधील बॅटल या गावी, १०६६ ची लढाई पुन्हा लढतात तेव्हा तंबूंच्या रांगेत बसून लोकरीच्या पट्ट्यावर देठाचा टाका घालणारी माणसे दिसतात, आणि विचारले असता ती वर्ष, थडगे आणि धाग्याचा पीळ सांगतात.

यांच्यापैकी ज्यांनी सोन्याचा तो हरवलेला टाका पुन्हा हस्तगत केला त्यांनी केलेले काम मी इतिहासाच्या कोणत्याही शोधनिबंधाच्या तोडीचे मानतो. ग्रंथांत आकृती होत्या. पण हिसका कितीचा हे आकृतीत सांगता येत नाही. ताग मेणात घोळवावा लागतो, जमिनीला तागाचे दुहेरी अस्तर लागते, चौकट ढोलासारखी ताणलेली असावी लागते, आणि कलाबतूचा गाभा रेशमाचाच असावा लागतो, कारण आजच्या बाजारी जरीचा गाभा फासा घेण्याच्या आधीच वळतो: हे सगळे हात घातल्यावर कळले. चौरस इंच भरावयास काही तास लागतात हेही तेव्हाच कळले, आणि चार स्त्रियांची जवळजवळ चार वर्षे ही कारकुनाची नोंद, जी वाचताना आपण अतिशयोक्ती समजलो असतो, ती खरी ठरली. पॅरिसच्या कशिदाकारांच्या नियमांत दिव्याच्या उजेडात काम करण्यास मनाई होती, त्याचेही कारण संध्याकाळी हे काम करून पाहणाऱ्यास समजावून द्यावे लागत नाही; तांबड्या आणि किरमिजी रेशमातला फरक प्रथम नाहीसा होतो, आणि मग सुईचे छिद्र नाहीसे होते.

तरीही एका गोष्टीबाबत या मंडळींशी माझा मतभेद आहे. त्यांच्या मेळाव्यात कशिदा फार दिसतो. १३६३ सालच्या इंग्लंडच्या पोषाखविषयक कायद्याने कारागीर व लहान जमीनदार यांना रेशीम, जवाहीर आणि भरतकाम यांची मनाई केली होती. कायदा पुनःपुन्हा करावा लागे त्या अर्थी तो मोडलाही जात असे, हे खरे; पण त्या काळी रस्त्यावरून जाणाऱ्या शंभर माणसांपैकी कोणाच्या अंगावर सोन्याची किनार आहे हे पाहून लोक वाट देत. ज्या मैदानावर प्रत्येक जण राजपुत्र असतो तेथे राजपुत्राचा पोषाख काय काम करीत होता हेच दिसत नाहीसे होते. हर्योल्फ्सनेसच्या नमुन्याप्रमाणे साधी लोकरी बंडी शिवून तिची प्रत्येक शिवण दाबणारास मेळाव्यात फारसे कोणी विचारीत नाही. मला विचाराल तर बक्षीस प्रथम त्याला द्यावे.

परंतु या अतिरेकाचे एक कारण असे आहे की ज्याला दोष देणे मला जड जाते. मध्ययुगात ज्याने भरले त्याने ते सहसा अंगावर घातले नाही. लेओफगिथला जमीन मिळाली, मेबलला सहा वार कापड आणि सशाचे कातडे मिळाले, वेस्टमिन्स्टरच्या चार स्त्रियांना रोजमुरा मिळाला. सोन्याची किनार राजाच्या, बिशपच्या आणि वेदीच्या अंगावर गेली. आजचे हे कारागीर दिवसा दुसऱ्या कोणत्या तरी नोकरीत असतात. कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी शाळेत शिक्षक, कोणी कचेरीत कारकून; आणि सुट्यांमागून सुट्या खर्च करून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, स्वतः भरलेला अंगरखा ते स्वतःच्याच अंगावर चढवितात. त्या धंद्याच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडल्याचा दाखला माझ्या वाचनात आलेला नाही.